सोलापुरात पहिले ५ किलोमीटर पळायचे तर आधी हळू पळायला शिका

पहिल्या दिवशी बहुतेकांचं सारखंच होतं. नवे बूट घालून निघतात, पहिले चारशे मीटर जोरात जातात, मग बरगडीखाली कळ येते, छाती भात्यासारखी हलायला लागते आणि उरलेलं अंतर चालत घरी. दोन-तीन दिवस हेच झालं की ‘आपल्याला पळणं जमत नाही’ असं ठरवून बूट कपाटात. खरं तर चूक एकच झालेली असते, वेगाची. एकदम जोरात निघालं की स्नायूंना लागणारा ऑक्सिजन हृदय-फुप्फुसं तितक्या लवकर पुरवू शकत नाहीत आणि दोन-तीन मिनिटांत पाय जड होतात. तोच माणूस निम्म्या वेगाने निघाला, तर महिनाभरात सलग दहा-बारा मिनिटं पळतो.

निम्मा वेग म्हणजे किती, हे घड्याळावर बघू नका. शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर रामरक्षेच्या दोन ओळी मोठ्याने म्हणून बघा. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. नवख्या माणसाचा हा वेग साधारण किलोमीटरला साडेसात ते नऊ मिनिटं भरतो, म्हणजे भरभर चालण्यापेक्षा थोडाच जास्त. रस्त्यावर बघणाऱ्यांना काय वाटेल म्हणून वेग वाढवणारे फार असतात. लोक आठवडाभर बघतात, मग बघत नाहीत.

चाळिशी ओलांडली असेल, बीपी किंवा शुगर असेल, जिना चढताना छातीत दडपण येत असेल, तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. यात हयगय नको.

दहा आठवड्यांचं गणित

आठवड्यातून चार दिवस पुरे. लागोपाठ दोन दिवस पळू नका. मंगळवार, गुरुवार, शनिवार पळणं आणि रविवारी नुसतं पाऊण तास चालणं, हे बसतं. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं चाला, शेवटी पाच मिनिटं चाला.

पहिल्या आठवड्यात १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दुसऱ्यात २ मिनिटं पळणं, २ चालणं, सात वेळा. तिसऱ्यात ३ पळणं, २ चालणं, सहा वेळा. चौथ्यात ५ पळणं, २ चालणं, चार वेळा. पाचव्यात ८ पळणं, २ चालणं, तीन वेळा. सहाव्यात १२ मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये २ मिनिटं चालणं. सातव्यात सलग २० मिनिटं, आठव्यात २५, नवव्यात ३०. दहाव्या आठवड्याच्या शनिवारी पाच किलोमीटर.

एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. पुढे उडी मात्र मारू नका. दम तीन-चार आठवड्यांत सुधारतो, पण नडगीचं हाड, घोट्यामागची शीर आणि तळपाय यांना तयार व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. दम साथ देतोय म्हणून अंतर वाढवत नेलं की पाचव्या-सहाव्या आठवड्यात नडगी दुखायला लागते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये हे सर्रास दिसतं. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, म्हणून रोज तेवढंच अंतर पूर्ण ताकदीने, तेही झिजलेल्या बुटांनी डांबरावर. महिन्याभरात अर्धी मुलं पाय धरून बसलेली असतात. १६०० मीटरची वेळ सुधारायलासुद्धा आठवड्यातले दोन दिवस अर्धा तास सावकाश पळणं आणि एकच दिवस जोराचं पळणं, हाच रस्ता आहे.

पळताना पावलं लहान टाका. लांब ढांग टाकली की टाच शरीराच्या पुढे आपटते आणि प्रत्येक पावलाला गुडघ्याला धक्का बसतो. पाऊल कमरेच्या बरोबर खाली पडायला हवं. आवाज ऐका: ‘धप्-धप्’ येत असेल तर ढांग लांब आहे. खांदे कानाजवळ चढले असतील तर हात खाली सोडून झटका आणि पुन्हा सुरू करा.

वेळ आणि रस्ता

सोलापूरचा उन्हाळा पळणाऱ्याला दुसरं काही ठरवूच देत नाही. मार्च उलटला की पारा चाळिशीकडे सरकतो आणि एप्रिल-मेमध्ये ती ओलांडतो. दिवसातली सगळ्यात थंड वेळ उजाडण्याच्या आसपासची. मेमध्ये सहाच्या आधीच उजाडतं, म्हणून सव्वापाचला रस्त्यावर आणि सव्वासहाला घरी. संध्याकाळी सात वाजता ऊन गेलेलं असतं, पण डांबर आणि भिंती दिवसभर साठवलेली उष्णता सोडत असतात. त्या हवेत सकाळसारखा वेग धरू नका. उन्हात रक्ताचा मोठा वाटा अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडे जातो, पायांना कमी मिळतो, म्हणून त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. तब्येत बिघडली असं त्यात काही नाही. उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेळ निम्मी करा.

सुरुवात करायला सगळ्यात चांगला काळ दिवाळीच्या आगेमागे. तेव्हा निघालात तर दहा आठवडे भर थंडीत संपतात आणि रस्त्यावरच्या स्पर्धाही त्याच दिवसांत असतात. एक लक्षात ठेवा, मकर संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिर, होम मैदान आणि जुन्या गावठाणाच्या बाजूला पळायला जाऊ नका, जुळे सोलापूरच्या बाजूचे आतले रस्ते धरा.

होटगी रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड सरळ आहेत, मोकळे वाटतात, पण त्यांवर पहाटेही ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या बस असतात. त्यांच्या कडेने पळण्यापेक्षा वस्तीतला एक किलोमीटरचा चौकोन शोधा आणि त्याच्याच पाच फेऱ्या मारा. कंटाळा येईल, पण घर जवळ राहतं, पाणी कोपऱ्यावर ठेवता येतं आणि प्रत्येक फेरीची वेळ कळते. रस्त्याच्या उजव्या कडेने पळा, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. गडद कपडे नकोत. कानात काही घालायचंच असेल तर एकाच कानात.

मातीचं मैदान मिळालं तर नडगीसाठी ते डांबरापेक्षा बरं. पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अंधारात त्या भेगेत घोटा मुरगळतो. पाऊस पडला की तीच माती तळव्याला किलोभर चिकटते. आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस जोर धरतो, तेव्हा सरळ डांबरावर या.

कुत्री मागे लागली तर पळू नका. थांबा, त्यांच्याकडे टक लावून न बघता चालत पुढे जा. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभाव आहे, चालणाऱ्याच्या मागे ती फार वेळ येत नाहीत. रोज त्रास होत असेल तर रस्ता बदला.

बूट

महाग बुटापेक्षा मापाचा बूट महत्त्वाचा. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. ती नसेल तर नख काळं पडतं. दुकानातच दहा पावलं पळून बघा, टाच वर सरकता कामा नये. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळव्याचा फोम दबतो. बूट वरून नवा दिसत असतो, पण गुडघा कुरकुरायला लागतो.

टाच सरकतच असेल तर बूट बदलण्याआधी लेस बदलून बांधा. पळण्याच्या बहुतेक बुटांना सगळ्यात वर, थोडं मागे एक जादा भोक असतं आणि बहुतेक जण ते रिकामं सोडतात. लेस नेहमीप्रमाणे वरपर्यंत ओवा. मग प्रत्येक टोक त्याच बाजूच्या जादा भोकातून बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका, बोट जाईल एवढा फास ठेवा. आता उजवं टोक डाव्या फासातून आणि डावं टोक उजव्या फासातून काढा, दोन्ही टोकं खालच्या बाजूला ओढा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते, बोटांवरचा दाब मात्र वाढत नाही. फोड येणारे निम्मे लोक एवढ्याने सुटतात. उरलेल्यांनी सुती मोजे सोडावेत. ते घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलते. मांड्या, काखा घासत असतील तर व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. बायकांनी स्पोर्ट्स ब्रा घट्ट बसणारी घ्यावी, खरेदीत बुटानंतर तिचाच नंबर.

खाणं-पाणी

पोटभर जेवणानंतर अडीच-तीन तास पळू नका, बरगडीखालची कळ त्यातूनही येते. कळ आलीच तर वेग कमी करा, दुखऱ्या जागी बोटांनी दाब द्या आणि श्वास तोंडाने लांब सोडा. सकाळी उपाशीपोटी अर्धा तास पळायला हरकत नाही. गरगरत असेल तर आधी अर्धं केळ खा. रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी, आमटी, भाजी, दही असलं की वेगळं काही लागत नाही. स्पर्धेच्या आदल्या रात्री मात्र शेंगा चटणी आणि झणझणीत रस्सा बाजूला ठेवा, सकाळी पोट साथ देत नाही.

निघण्याआधी दीड-दोन तास ४०० मिलीच्या आसपास पाणी प्या. पहाटेच निघायचं असेल तर रात्री नीट प्या आणि उठल्यावर एक पेला. थंडीत पाच किलोमीटरला वाटेत पाणी लागत नाही, एप्रिलमध्ये लागतं. परतल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत उत्तम. एकदा पळण्याआधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला.

पळताना अंगावर काटा आला, थंडी वाजली, पावलं भेलकांडली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ते उष्माघाताकडे जातंय. तिथेच थांबवा, सावलीत न्या, आपला सोलापुरी टॉवेल पाण्यात बुडवून मान, काखा, मांड्यांवर ठेवा, वरून पाणी ओतत राहा आणि १०८ला फोन करा. अंग गार करणं आधी, दवाखान्याची धावपळ नंतर. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

दुखणं कुठलं चालवून घ्यावं

पोटरी, मांडी दोन्ही पायांची सारखी दुखत असेल आणि चालायला लागल्यावर मोकळी होत असेल तर काळजी नाही. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर दुखत असेल तर आठवडाभर पळणं बंद, फक्त चालणं, आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, पंधरा-पंधरा दोन वेळा. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पळणं त्याच क्षणी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तेलाने चोळून हे बरं होत नाही.

स्पर्धेची सकाळ

बिब, म्हणजे तुमचा स्पर्धेतला नंबर छापलेला कागद, आदल्या रात्रीच छातीवर चार सेफ्टी पिनांनी लावून ठेवा. बिबमागे वेळ मोजणारी चिप असेल तर तिला घडी घालू नका. नवे बूट, नवे मोजे त्या दिवशी नकोत. सुरू होण्याआधी दहा मिनिटं चालणं आणि हलकं पळणं, मग वीस-वीस सेकंद वेग वाढवून चार वेळा. थंड अंगाने जागेवर ओढून-ताणून स्ट्रेचिंग करू नका. उभं राहताना मागे राहा. चिप असेल तर तुमची खरी वेळ तुम्ही रेषा ओलांडल्यावरच सुरू होते, त्यामुळे मागे राहून काही जात नाही.

आता पुन्हा वेग. ३५ मिनिटांत संपवायचं असेल तर सरासरी किलोमीटरला ७ मिनिटं. पहिला किलोमीटर ७ मिनिटं १५ सेकंदांत, मधले तीन सात-सात मिनिटांत, शेवटचा ६ मिनिटं ४५ सेकंदांत. ढोल-ताशा, गर्दी, पुढे सुटलेली पोरं, यात पहिला किलोमीटर सहा मिनिटांत जातो आणि चौथ्यात त्याची सव्याज वसुली होते. म्हणून पहिल्या किलोमीटरला बोलण्याची परीक्षा घ्या. वाक्य पूर्ण होत नसेल तर आणखी हळू.

घड्याळात पाच किलोमीटर पूर्ण झाले आणि शेवटची कमान अजून लांब दिसली तर आयोजकांना बोल लावू नका. प्रमाणित मार्ग सगळ्यात जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर धरून मोजतात आणि कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर जादा धरतात, म्हणजे पाच किलोमीटरला ५ मीटर. आपण वळणं रुंद घेतो, माणसांना वळसे घालतो, शिवाय जीपीएसही थोडं चुकतं. वळणाच्या आतल्या कडेने पळालात तर हा फरक कमी होतो.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका. पायांत उतरलेलं रक्त एकदम वर येत नाही आणि चक्कर येते. दहा मिनिटं चालत राहा, घोट-घोट पाणी प्या, ओले कपडे बदला. पुढचे दोन दिवस फक्त चालणं. तिसऱ्या दिवशी पुन्हा वीस मिनिटं, बोलता येईल अशाच वेगाने.