लांब गूजनेक ट्रेलर घेताय? या चुका टाळा

लहानपणी सांगलीकडे ट्रॅक्टर ट्रॉली ओढताना पाहिला. इथे टेक्सासात ट्रॅक्टरच ट्रॉलीवर बसून फिरतो. ह्यूस्टनच्या पश्चिमेला आमची थोडी जमीन आहे, गवताचा दुसरा तुकडा चाळीस मैलांवर. ट्रॅक्टर आहे महिंद्राचा. कंपनी १९९४ पासून अमेरिकेत टेक्सासातूनच धंदा करते. बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपल्या महिंद्राला तू पालखीत बसवून नेतोस?" तसंच म्हणायचं.

आधी वीस फुटी साधा ट्रेलर होता, पिकअपच्या मागच्या बंपरखाली जोडायचा. त्यावर नुसता ट्रॅक्टर बसायचा, मागे बुश हॉग, म्हणजे गवत-झुडपं कापायचा रोटरी कटर, जोडला की अर्धा बाहेर लोंबायचा. मग गूजनेक घ्यायचं ठरवलं. याची मान बगळ्यासारखी वर उचललेली असते आणि पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे बसवलेल्या गोळ्यावर टेकते. वजन ट्रकच्या (इथे पिकअपलाच ट्रक म्हणतात) शेपटीवर न लटकता त्याच्या पाठीवर येतं, म्हणून मोठ्या ओझ्याला तो स्थिर चालतो. विकणारा म्हणाला, "लांबच घ्या, पुन्हा घ्यायला नको." मी ३५ फुटी घेतला. वर्षभरात पुन्हा घ्यावाच लागला.

लांबी वाढली म्हणजे वजन उचलायची ताकद वाढली, असं समजणं

माझी मुख्य चूक हीच. ट्रेलरच्या पाटीवर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेला असतो, म्हणजे ट्रेलर आणि त्यावरचा माल मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. माझ्या पाटीवर १४,००० पौंड होते, म्हणजे साधारण ६,३५० किलो. खाली ७,००० पौंडांचे दोन ॲक्सल. आता गंमत बघा: तेच दोन ॲक्सल ठेवून लांबी वाढवली की लोखंड वाढतं, आणि ते वजा होतं तुमच्या मालातून. माझा ट्रेलर रिकामाच ७,००० पौंड भरत होता. उरले ७,०००.

आणि माल किती? ब्रोशरमध्ये ट्रॅक्टर ४,७०० पौंड. पण तो आकडा नागड्या ट्रॅक्टरचा. पुढचा लोडर आणि बकेट १,२००. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी-रसायन भरलेलं, ते ९००. हे तर लोक हमखास विसरतात, कारण ते दिसत नाही. सहा फुटी बुश हॉग ९००. जमीन सपाट करायचं बॉक्स ब्लेड ६००. साखळ्या, त्या ताणायचे बाइंडर, पेटी ३००. बेरीज ८,६००. मी महिनोन्‌महिने १,६०० पौंड जास्त घेऊन हिंडत होतो आणि ट्रेलरवर मोकळी जागा दिसते म्हणून खूश होतो.

हे कळलं ते हायवेवरच्या ट्रक थांब्यातल्या काट्यावर. दहा-पंधरा डॉलरच्या आसपास खर्च, आणि पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, ट्रेलर अशी तीन वजनं वेगवेगळी छापून मिळतात. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाडीसाठी वाद घालणारी आमची पिढी. इथे मात्र काट्याला दोष द्यायला जागा नव्हती. नवा ट्रेलर घ्यायच्या आधी, मित्राचा का असेना, भरलेला ट्रेलर एकदा काट्यावर घाला.

ट्रॅक्टरची लांबी ब्रोशरमधून घेणं

अंगणात ट्रॅक्टर उभा करा. बकेट जमिनीला टेकवा, कटर जोडून खाली सोडा, आणि बकेटच्या ओठापासून कटरच्या शेपटीच्या चाकापर्यंत टेप लावा. माझ्या अकरा फुटी ट्रॅक्टरचे साडेतेवीस फूट भरले. यावर पुढे-मागे सरकवायला दोन-तीन फूट धरा. वजन जुळवायचं असेल तर ही मोकळीक लागतेच.

ट्रेलरच्या जाहिरातीत "२३+५" असं लिहिलेलं असतं. २३ फूट सपाट, ५ फूट उतरती शेपटी. ही बेरीज करून "अठ्ठावीस फूट जागा" म्हणू नका. उतारावर ट्रॅक्टरचं चाक ठेवून प्रवास करता येत नाही. कटरचा मागचा भाग मात्र तिथे खुशाल लोंबू द्यावा. पुढची मानेवरची जागाही पेटी-साखळ्यांसाठीच.

ट्रकच्या दाराकडे न बघणं

"माझा ट्रक अठरा हजार पौंड ओढतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. ओढेल हो. पण गूजनेकमध्ये एकूण भरलेल्या ट्रेलरचं २० ते २५ टक्के वजन त्या गोळ्यावर, म्हणजे ट्रकच्या हौद्यात येतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी चिठ्ठी असते, माणसं आणि माल मिळून किती वजन चालेल ते सांगणारी. माझ्या ट्रकवर ३,५०० पौंड. ३५ फुटी ट्रेलर भरून १५,६०० होत होता; २० टक्के धरले तरी ३,१२०. त्यात मी, बायको, मुलगा आणि गोळ्याचं लोखंड. संपलं गणित. डिझेल इंजिन स्वतःच जड असल्यामुळे बऱ्याच डिझेल ट्रकांची चिठ्ठी पेट्रोलवाल्यापेक्षा कमी आकडा दाखवते.

लायसन्सचं एका दमात सांगतो. ट्रक आणि ट्रेलर यांच्या पाटीवरच्या आकड्यांची बेरीज २६,००१ पौंड किंवा जास्त, आणि ट्रेलर १०,००० पौंडांच्या वरचा, तर जड जोडगाड्यांचं क्लास ए लायसन्स. ट्रेलर रिकामा असला तरी पाटी तीच. शेतकऱ्याला स्वतःच्या कामासाठी व्यावसायिक लायसन्सातून सवलत मिळते, पण टेक्सासात तेव्हाही क्लास एचं बिगर-व्यावसायिक लायसन्स लागतं. माझा ट्रक १०,०००चा, म्हणून मी १६,०००चा ट्रेलर शोधला. बेरीज बरोब्बर २६,०००. असे ट्रेलर बाजारात का असतात ते तेव्हा कळलं.

वळणाचा विचार न करणं

गूजनेकचा सांधा ट्रकच्या ॲक्सलवर असतो, त्यामुळे वळताना ट्रेलर आतल्या बाजूने जास्त कापतो. ट्रेलर जितका लांब तितका जास्त. आमच्या फाटकाचा उजवा खांब अजून वाकडाच आहे, आणि त्याखालच्या मोरीच्या पाइपावर चाक चढून त्याची कड चेपली ती वेगळीच. विकत घेण्याआधी रस्त्यावरून आत वळायची जागा नीट बघा. नुसतं फाटक रुंद असून भागत नाही.

चढवताना आणि बांधताना

ट्रॅक्टर चढवताना त्याचं वजन शेपटीवर येतं तेव्हा ट्रेलर पुढून उचलला जातो आणि ट्रकचा मागचा भाग वर खेचतो. म्हणून ट्रेलर ट्रकला जोडलेला, गोळ्याचं कुलूप लागलेलं, जमीन सपाट, हँडब्रेक ओढलेला. त्याशिवाय चाक रॅम्पवर घालू नका. शक्य असेल तर शेपटीखाली आधार द्या.

नियमाप्रमाणे १०,००० पौंडांवरच्या यंत्राला निदान चार बांधण्या लागतात. माझा त्याहून हलका, तरी मी चार कोपरे बांधतो. ३/८ इंची ग्रेड ७० साखळीची कामाची क्षमता ६,६०० पौंड असते. बाइंडरही तितक्याच क्षमतेचा हवा, नाहीतर हिशेब बाइंडरचाच धरायचा. साखळी चेसिसला किंवा ॲक्सलच्या भक्कम जागी अडकवा, स्टिअरिंगच्या दांड्याला नको. बकेट आणि कटर पूर्ण खाली टेकवून दोघांना वेगळी साखळी. हायड्रॉलिकच्या भरवशावर वर उचललेला कटर घेऊन जाऊ नये.

चालताना काहीतरी बिघडतंय असं वाटलं तर

ट्रेलर मागून डोलतोय: माल फार मागे आहे. थांबा, ट्रॅक्टर फूटभर पुढे घ्या. ट्रकचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत आणि स्टिअरिंग हलकं लागतंय: माल फार पुढे, किंवा मुळात जास्त. ट्रेलरचं नाक वर आलंय: मानेची उंची खाली घ्या, नाहीतर मागच्या ॲक्सलवर जादा भार येऊन टायर जातो. ब्रेक दाबला की ट्रेलर ढकलतोय: ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरचा जोर कमी आहे, किंवा ट्रेलरच्या वायरीच्या प्लगला गंज चढलाय.

पंधरा-वीस मैलांनी थांबून साखळ्या पुन्हा ताणाव्यात आणि चारही हबांजवळ, म्हणजे चाकांच्या मधल्या भागांजवळ, हाताचा मागचा भाग धरावा. एकच हब इतरांपेक्षा खूप गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. जुना ट्रेलर घेत असाल तर टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. माझ्या दुसऱ्या, २३+५ ट्रेलरचे टायर नक्षीने नवे दिसत होते आणि आकड्यांनी नऊ वर्षांचे निघाले. चारही बदलून मगच तो घरी आणला.