विसरलेली गोष्ट शोधायची तर हिशेबापासून सुरुवात करा

इतिहासातली दुर्लक्षित गोष्ट शोधायची असेल तर राजाच्या चरित्रापासून सुरुवात करू नका. मी आधी हिशेब बघते: कुणाला किती धान्य मिळालं, कुणाचं थकलं, कामावर कोण आलं नाही.

इजिप्तच्या तिसऱ्या रामसेसच्या लढाया देवळांच्या भिंतींवर कोरलेल्या आहेत. पण त्याच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी राजांची थडगी घडवणारे देर अल-मदिना या गावचे कारागीर काम सोडून देवळाशी जाऊन बसले. धान्य थकलं होतं. तक्रार ही की आम्ही उपाशी आहोत. एका लेखनिकाने हे पपायरसवर टिपलं आणि तो कागद आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. मला त्या लेखनिकाबद्दल फार कृतज्ञता वाटते.

पुढचा प्रश्न विचारा: हे काम नेमकं कुणाच्या हातांनी झालं? इंग्लंडमधल्या लाइम रीजिसच्या कड्यांतून जीवाश्म शोधून विकणाऱ्या मेरी ॲनिंगने १८२३ साली प्लेसिओसॉर या नामशेष झालेल्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा काढला. लंडनच्या भूविज्ञान संस्थेत त्याची चर्चा झाली, पण तिथे स्त्रियांना सभासदत्वच नव्हतं. म्हणून शोधनिबंधावरचं नाव वाचून थांबू नका. विक्रीच्या नोंदी, पत्रं, रेखाटनं चाळा.

गोष्ट हाती लागली की लगेच कुणाला सांगू नका. त्याच घटनेची दुसरी, स्वतंत्र नोंद शोधा. दोन्ही कुणी, कधी आणि कुणासाठी लिहिल्या ते वहीत मांडा. तारखा जुळत नसतील तर तो फरकही तसाच लिहून ठेवा.