स्पंज, तारामासा आणि भेंडी: सममितीच्या या चुका टाळा

खानापूर-निपाणीकडची पोरं मराठी मिडियममधनं पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला येतात आणि रेडियल, बायलॅटरल ऐकलं की घाबरतात. रेडियल म्हणजे अरीय, बायलॅटरल म्हणजे द्विपार्श्व, एवढंच आहे ओ ते. खरी गोची वेगळीच, पोरं प्राण्याचा आकार बघून उत्तर ठोकतात, मनात काप देऊन बघतच नाहीत.

ट्युशनला मी एकदा भेंडी आणि सुरी घेऊनच बसलो. आडवी कापली की आत पाच कप्प्यांची चांदणी, पोरं लगेच, ‘सर, दोन भाग सेम!’ सेम कुठले, एकाला देठ, दुसऱ्याला शेंडा! म्हणून आडवा काप मोजायचाच नाही. देठापासून शेंड्यापर्यंत, बरोबर मधनं, उभा द्यायचा. दोन भाग आरशातल्यासारखे सेम आले म्हणजे काप बसला. एकच काप बसला तर द्विपार्श्व, फिरवून फिरवून बरेच बसले तर अरीय, एकपण नाही तर असममित.

आता स्पंज, हा पाण्यातला प्राणी. भांडी घासायचा चौकोनी तुकडा पहिला डोक्यातनं काढा, तो फॅक्टरीतला. आणि ‘सगळे स्पंज असममित’ असं डोळे झाकून लिहू नका. बहुतेक असममितच, एका जागी चिकटून बसतात, पाण्याचा प्रवाह जसा तसे वेडेवाकडे वाढतात, एकाच जातीचे दोन सारखे दिसतील याची गॅरंटी नाही. पण सायकॉन बघा, उभ्या फुलदाणीसारखा, अंगभर बारीक छिद्रं, वर एक मोठं भोक, तो अरीय. म्हणजे ‘बहुतेक’ हा शब्द खाल्ला की मार्क गेला.

मालवण-कारवारला तारामासा बघितला असाल. पाच हात, अरीय, बरोबर, पण त्याची अळी द्विपार्श्व असते, त्यामुळं दोघं अरीय दिसतात म्हणून त्याला जेलीफिशचा भाऊबंद करू नका, नात्यानं तो आपल्या कणावाल्यांच्या जास्त जवळचा. समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन, हा प्राणीच) तर वरनं एकदम गोल, पण तोंड लांबट फटीसारखं, काप दोनच बसतात, म्हणून ते द्वि-अरीय.

एकानं विचारलं, लिव्हर उजवीकडं मग माणूस असममित काय? डोकं भारी चालवलास म्हटलं, पण बघायचा तो अख्खा बांधा, एकदोन अवयवांची जागा नाही. गोगलगायीचं वेगळं, तिचं अंग वाढीच्या सुरुवातीलाच पिळा खातं, म्हणून ती द्विपार्श्व घराण्यातली असूनपण वाकडी.