गंज काढण्याआधी खुणा वाचा

विमानांवरच्या जुन्या मशीनगनचा मला नाद आहे हे कळलं की भारतातून आलेला पाहुणा दोनच प्रश्न विचारतो: चालते का, आणि घरात ठेवायला पोलीस कसे देतात? चालत नाही, आणि चालत नाही म्हणूनच ठेवता येते. मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. पोटापाण्यासाठी टूलरूममध्ये काम करतो आणि शनिवारी एका छोट्या विमान-संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये स्वयंसेवक म्हणून जातो. इकडे शिकायला आलेली मराठी मुलंमुली अलीकडे या छंदाबद्दल आणि त्यातून मिळू शकणाऱ्या कामाबद्दल विचारू लागली आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कायदा, कारण तो चुकला तर बाकी सगळं व्यर्थ. ब्रिटनमध्ये सामान्य माणूस मशीनगन बाळगू शकतो ती फक्त कायमची निकामी केलेली. इथले लोक तिला 'डीॲक्ट' म्हणतात. १९८८च्या फायरआर्म्स दुरुस्ती कायद्याने ही वाट आखली. बंदूक ठरलेल्या पद्धतीने निकामी करायची, मग लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसने, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या अधिकृत संस्थेने, ती तपासून ठसा मारायचा आणि प्रमाणपत्र द्यायचं. हे निकष पुढे कडक होत गेले, १९९५ मध्ये एकदा आणि २०१६ मध्ये युरोपीय नियमांमुळे पुन्हा. जुन्या निकषांच्या बंदुकीचे भाग हलतात, खटका ओढला की आत काय होतं ते दिसतं. नवीत जवळपास सगळं वेल्ड केलेलं असतं. त्यामुळे नवखे जुन्याच्या मागे धावतात. पण २०१७च्या कायद्यानंतर जुन्या निकषांची बंदूक स्वतःजवळ ठेवता येत असली, तरी ती सध्याच्या निकषांवर आणल्याशिवाय दुसऱ्याला विकणं किंवा भेट देणंही सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. म्हणजे 'आत्ता घेऊ, नंतर विकू' हा हिशेब इथे चालत नाही. मालकी बदलली की गृहखात्याला कळवावं लागतं, हे वेगळंच. आणि बंदूक गाडीतून नेताना नीट गुंडाळून, पेटीत घालून, प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवून न्यायची. निकामी असली तरी सबळ कारणाशिवाय ती उघड्यावर घेऊन फिरणं हा गुन्हाच आहे, आणि रस्त्यावरच्या माणसाला निकामी आणि चालती यांतला फरक कसा कळणार?

भारतात राहणाऱ्यांसाठी उत्तर एका ओळीत: हा छंद घरात करता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात स्वयंचलित बंदुका 'निषिद्ध शस्त्रं' आहेत आणि २०१९च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी वाढवली आहे. इथून सामानातून काही नेण्याचा विचारही नको. जत्रेत पाऊंड-दोन पाऊंडाला मिळणारी काडतुसाची रिकामी पुंगळीसुद्धा विमानतळावर तुमचा दिवस, आणि नशीब वाईट असेल तर बरंच काही, खाऊन टाकेल. मात्र पाहण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ आहे. दिल्लीत पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात वापिती विमान आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोडला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती चार वापितींवर. पुढे वैमानिकासाठी एक पक्की बसवलेली विकर्स मशीनगन आणि मागच्या माणसासाठी फिरत्या कड्यावर एक लुईस मशीनगन, अशी त्याची मांडणी. गोव्याला जाणारे बहुतेक जण बोगमाळोच्या किनाऱ्यावर जातात आणि शेजारचं नौदलाचं विमान-संग्रहालय न बघता परततात, ते तेवढं टाळा.

मशीनगनच का, विमान का नाही, असंही विचारतात. विमान ठेवायला हँगर लागतो. शिवाय या यंत्रांतली युक्ती मला पहिल्यापासून भुरळ घालत आली. जमिनीवरची विकर्स पाण्याने थंड ठेवावी लागे, नळीभोवती पाण्याचं जाड आवरण असे. विमानावर तिला वारा आयताच मिळतो, म्हणून पाणी काढलं आणि त्याच आवरणाला लांबट भोकं पाडली. लुईसची तऱ्हा तीच: ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि वरचं नळकांडं काढून टाकलं, ४७ काडतुसं मावणाऱ्या थाळीऐवजी ९७ची आली. विमानाच्या नाकावरच्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळी कशी सोडायची हा खरा पेच होता. १९१५ मध्ये जर्मनांसाठी विमानं बनवणाऱ्या फोकरने तो यांत्रिक दांड्यांनी सोडवला. ब्रिटिशांना १९१७ मध्ये रुमानियन अभियंता कॉन्स्टँटिनेस्कूची यंत्रणा मिळाली, ती तेलाने भरलेल्या नळीतून दाबाच्या लहरी पाठवून बंदुकीला इशारा द्यायची. सॉपविथ डॉल्फिनवर अशा दोन विकर्स असत आणि वैमानिकाच्या डोक्याजवळ वर तोंड केलेल्या लुईस. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये हेच विमान उडवत. जून १९१८ मध्ये ते गस्तीवरून परतले नाहीत. फ्रान्समध्ये हँगार्डला त्यांची कबर आहे. डॉल्फिनच्या बंदुकांबद्दल वाचताना हे नाव समोर आलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

आता कामाचं. नवख्याला वाटतं की जीर्णोद्धार म्हणजे गंज काढून चकचकीत करणं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. बंदुका लाखांनी बनल्या. तुमच्या हातातली एक वेगळी ठरते ती तिच्यावरच्या खुणांमुळे, आणि पॉलिशचा कागद पहिल्यांदा त्याच खातो. म्हणून बंदूक घरी आली की काहीही लावायचं नाही. भिंग, तिरपा उजेड, बाजूला मोजपट्टी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो, आणि एक वही. ब्रिटिश मालावर सरकारी बाणाची खूण, तपासनिसाचे मुकुटवाले शिक्के, कारखान्याचं नाव. जर्मन मालावर गरुड आणि बहुतेकदा तीन अक्षरी संकेत: 'बी वाय एफ' दिसलं तर माल ओबर्नडॉर्फच्या माउझरचा. प्रत्येक सुट्या भागावरचा क्रमांक वेगळा लिहा. ते जुळत नसतील तर लगेच नाक मुरडू नका. युद्धकाळात आर्मररच्या, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याच्या, टेबलावर चार बंदुका एकदम उघडल्या जात, भाग अदलाबदल होत.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लाल पट्टा. १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कच्या माघारीनंतर ब्रिटनकडे हत्यारांचा दुष्काळ होता. अमेरिकेतून आलेल्या मालात पहिल्या महायुद्धातल्या, सॅव्हेज कंपनीने विमानांसाठी बनवलेल्या लुईसही होत्या. त्या होम गार्डला, म्हणजे स्थानिक स्वयंसेवकांच्या दलाला दिल्या. पण त्यांचं काडतूस अमेरिकन, पॉइंट थ्री झिरो, म्हणजे ०.३० इंची. ब्रिटिश थ्री नॉट थ्री, म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या रायफलीचं काडतूस, त्यांत चालत नसे. गोंधळ होऊ नये म्हणून अशा हत्यारांवर लाल रंगाचा पट्टा मारत. आज अशी लुईस हातात येते तेव्हा तो पट्टा अर्धवट उडालेला, गिचमिड दिसतो आणि नवखा माणूस थिनर शोधू लागतो. तो रंग गेला की बंदुकीचं अर्धं चरित्र गेलं. जर्मन एमजी १५ या मशीनगनचंही तसंच. ती मुळात बॉम्बर विमानातल्या गनरसाठी, वर खोगिरासारखी ७५ काडतुसांची जोड-थाळी. युद्धाच्या शेवटी विमानं संपत आली आणि पायदळाला बंदुका कमी पडू लागल्या, तेव्हा तिला दोन पाय आणि खांद्याचा दस्ता लावून जमिनीवर आणलं. तशी मिळाली तर 'मूळ रूपात' आणण्याच्या नादात पाय काढू नका. तेही मूळच आहे.

सुरुवात मात्र बंदुकीपासून करू नका. माझा आग्रह आहे की पहिलं वर्ष भोवतालच्या वस्तू जमवा: काडतुसांच्या पट्ट्याच्या सुट्या कड्या, रिकाम्या थाळ्या, नेम धरायची कडी आणि मणी, सफाईची हत्यारं, हवाई मंत्रालयाच्या छापील हस्तपुस्तिका. पैसे कमी लागतात, कायद्याची कटकट कमी, आणि डोळा तयार होतो. नेवार्कच्या विमान-संग्रहालयात जूनमध्ये जुन्या विमानांचे कॉकपिट जमवणाऱ्यांचा मेळावा भरतो, त्याला जोडून जुन्या सामानाचा बाजारही असतो. तिथे सकाळी लवकर जा आणि पहिली फेरी खिशात हात घालूनच मारा. अशाच एका बाजारात रिकाम्या पुंगळ्यांचा ट्रे चाळताना एकीच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरं दिसली. के म्हणजे किर्की, आपली खडकी, आणि एफ म्हणजे तिथली फॅक्टरी. विक्रेत्याला ते ठाऊक होतं, पण खडकी पुण्यात आहे हे माझ्याकडूनच कळलं, आणि त्याने किंमत एका पैशानेही कमी केली नाही.

बंदूक घ्यायचीच झाली तर ब्रिटिश ब्राउनिंग मार्क २ ही मशीनगन नवख्यासाठी चांगली. अमेरिकन रचना, पण बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने इथे प्रचंड संख्येने बनवली. सुरुवातीच्या स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांच्या पंखांत अशा आठ असत, प्रत्येकी मिनिटाला साधारण ११५० फैरी. स्पिटफायरमध्ये दर बंदुकीला ३०० काडतुसं, म्हणजे पंधरा-सोळा सेकंदांत खेळ खलास. हिच्याबद्दल लिखाण भरपूर आहे, भाग ओळखता येतात, वजन दहा किलोच्या आसपास असल्यामुळे एकट्याला हाताळता येते. अमेरिकन पॉइंट फाइव्ह झिरो विमानी ब्राउनिंग दिसायला राजबिंडी, पण अठ्ठावीस-एकोणतीस किलोंची. प्लास्टरबोर्डच्या भिंतीवर ती टांगणाऱ्याचा हॉल मी पाहिला आहे. बंदूक शाबूत होती.

सफाई. सैल माती मऊ ब्रशने काढा आणि टाकू नका, पिशवीत भरून चिठ्ठी लावा. अडकलेल्या भागांना पातळ तेल लावून आठवडे थांबा. हातोडी शेवटी नव्हे, कधीच नाही. स्प्रिंगची झाकणं काढताना चेहरा बाजूला ठेवा, ऐंशी वर्षं दाबलेल्या स्प्रिंगमध्येही जोर असतो. वरवरच्या गंजाला तेल आणि अगदी बारीक, चार शून्यांचं स्टील वूल. ठसे असलेल्या जागी तेही नको, तिथे लाकडी काडी. जमिनीतून निघालेल्या पोलादी भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा मंद प्रवाह सोडण्याची पद्धत वापरतात. ते काम हवेशीर जागेत आणि जाणत्याच्या देखरेखीखाली करा. ॲल्युमिनियम त्यात कधी बुडवू नका, कारण सोडा ते खातो, आणि स्टेनलेस स्टीलचा पत्रा धन टोकाला जोडू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. शेवटी टॅनिक ॲसिडचा हात आणि त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स इथे प्रत्येक वर्कशॉपच्या कपाटात सापडतं. नव्याने निळा-काळा मुलामा देण्याचा मोह आवरा. तो दिला की बंदूक कालच बनल्यासारखी दिसते आणि अभ्यासाच्या दृष्टीने मुकी होते.

नवे भाग बनवावे लागले तर? मी टूलरूमचा माणूस, हात शिवशिवतात. पण नियम ठेवला आहे: फक्त माउंट, कंस, काडतुसांच्या पेट्या, लाकडी मुठी असे बाहेरचे भाग बनवायचे, आणि त्यांवर आतल्या बाजूला वर्ष कोरायचं, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होत नाही. आतल्या यंत्रणेला हात लावायचा नाही. डीॲक्टच्या कामात फेरफार करणं हा गंभीर गुन्हा आहे आणि 'नुसतं बघायचं होतं' हे कारण कोणी ऐकून घेत नाही.

विमान पडलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन जायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. १९८६च्या कायद्याने ब्रिटनमध्ये पडलेलं प्रत्येक लष्करी विमान संरक्षित आहे, संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय तिथे खोदता येत नाही. वैमानिकाचे अवशेष किंवा न फुटलेले बॉम्ब असण्याची शक्यता असेल तर परवाना सहसा मिळतच नाही, आणि ते योग्यच आहे. परवान्याच्या खोदकामात मी मदतनीस म्हणून गेलो आहे. निळसर चिकणमातीत हवा पोहोचत नाही, त्यामुळे तिथून निघालेल्या ब्राउनिंगवरचे शिक्के ताजे वाटतात, पण बाहेर आल्यावर काही तासांतच नारिंगी गंज फुलू लागतो. म्हणून पाण्याचं पिंप आधीच भरून न्यायचं. बंदुकीसोबत काडतुसं निघतातच, त्यांत आग लावणारीही असतात. हात लावायचा नाही, मागे सरायचं, पोलिसांना फोन करायचा, बॉम्बवाले येईपर्यंत चहा प्यायचा. विमानाच्या डायलवर हिरवट-पिवळा रंग दिसला तर तो किरणोत्सर्गी रेडियमचा असू शकतो. तो खरवडायचा नाही.

घरी ठेवताना गॅरेज टाळा, तिथे दमट हवा असते. राहत्या खोलीत, खिडकीतून रस्त्यावरून दिसणार नाही अशी जागा, पेटीत सिलिका जेल, हाताळताना नायट्राइलचे हातमोजे. विमा कंपनीला लेखी कळवा.

यातून करिअर होतं का? फक्त बंदुकांवर नाही, पण धातूंच्या जतनावर होतं. ससेक्समध्ये वेस्ट डीन कॉलेज आणि वेल्समध्ये कार्डिफ विद्यापीठ इथे जतनाचे चांगले अभ्यासक्रम आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं जतन केंद्र आहे, भारतात राहून ही दिशा घ्यायची असेल तर तिथे काय चालतं ते जाऊन पाहा. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमधला शस्त्रसंग्रह आणि डक्सफर्डच्या विमान-संग्रहालयाचे हँगर एकदा निवांत बघावेत. पण पगारी जागा कमी आणि उमेदवार फार, त्यामुळे अर्जात स्वयंसेवेचा अनुभव दिसावाच लागतो. छोट्या संग्रहालयाला सरळ पत्र लिहा, 'मला मशीनगनवर काम करायचं आहे' असं मात्र त्यात लिहू नका, लोक दचकतात. नोंदवहीचं काम करायची तयारी आहे असं लिहा. सुरुवातीला तुम्हाला कड्या धुवायला, चिठ्ठ्या लावायला आणि फरशी पुसायला देतील. पोलादी टोकाचे बूट स्वतःचे आणा, आणि येण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.