सार्वजनिक जंगलात टर्कीची शिकार: गर्दी आणि शिकाऱ्यांचे आपसातील वागणे

अमेरिकेत वसंतात टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम उघडला की राष्ट्रीय वनांच्या आणि राज्यांच्या वन्यजीव क्षेत्रांच्या फाटकांपाशी पहाटे अंधारातच गाड्या उभ्या राहू लागतात. जमीन सर्वांची असल्याने परवानाधारक प्रत्येकाचा तेथे सारखाच हक्क असतो आणि गर्दीचे मूळही तेच आहे. त्यातून ही शिकार अशी, की शिकारी नखशिखान्त झाडीच्या रंगात दडलेला असतो आणि नराला जवळ बोलावण्यासाठी मादीचा हुबेहूब आवाज काढत असतो. एकाच ओढ्याकाठी दोघे बसले, तर प्रत्येकाला दुसरा टर्कीसारखा ऐकू येतो आणि दिसत मात्र कोणीच नाही. त्यामुळे खालील बहुतेक सूचना पक्षी हाती लागावा यापेक्षा माणूस सुखरूप घरी परतावा यासाठी आहेत.

गर्दीशी सामना घरी नकाशा उघडल्यापासूनच सुरू होतो. नर रातथाऱ्यासाठी कोणत्या झाडांवर चढतात हे संध्याकाळी दुरून ऐकून ठेवावे, आणि एकाच जागेवर भिस्त न ठेवता निदान तीन-चार जागा हेरून ठेवाव्यात. हंगामाचा पहिला शनिवार-रविवार सर्वांत गजबजलेला असतो, तर आठवड्याच्या मधले दिवस, पावसाची रिपरिप आणि हंगामाची अखेर हा काळ त्या मानाने निवांत असतो. लांब चालत गेले की एकांत मिळतोच असे नाही, कारण तोच विचार इतरांनीही केलेला असतो. रस्त्यालगतचा, कोणी ढुंकूनही न पाहिलेला एखादा कोपरा पुष्कळदा अधिक फळतो. माझ्या मते मात्र सर्वांत उपेक्षित गोष्ट म्हणजे उशिराची सकाळ. पहाटे नर बहुधा माद्यांच्या घोळक्यात असतो आणि आपल्या हाकेला दाद देत नाही. पण माद्या अंडी घालू लागल्या की सकाळ चढता चढता त्या घरट्याकडे निघून जातात आणि एकटा पडलेला नर साद ऐकून येण्याची शक्यता वाढते. तोवर पहाटेचे शिकारी कंटाळून परतलेलेही असतात. काही राज्यांत दुपारी शिकार बंद करावी लागते, तेव्हा ती वेळ नियमपुस्तिकेत आधी पाहून ठेवावी.

फाटकापाशी आधीच गाडी उभी असेल, तर ती जागा त्या दिवसापुरती त्या माणसाची समजावी आणि दुसऱ्या जागेकडे वळावे. जमीन विस्तीर्ण असेल आणि तो माणूस अजून बूट चढवत असेल, तर जवळ जाऊन, ‘आपण कोणत्या बाजूला जाणार आहात? मी उलट दिशेने जातो,’ एवढे विचारून घ्यावे. दोन मिनिटांच्या या बोलण्याने सबंध सकाळचा वैताग वाचतो. गाडी फाटक अडवून लावू नये, हे खरे तर सांगावेही लागू नये.

जंगलात नराचा घोगरा आवाज आला आणि त्याच दिशेकडून मादीची सादही येत असेल, तर ती साद माणसाची आहे असे धरूनच मागे फिरावे. दुसऱ्याने बोलावत आणलेल्या पक्ष्याच्या वाटेत आडवे बसणे ही या खेळातील सर्वांत मोठी असभ्यता आहे. आवाजाच्या रोखाने दबकत जाणे तर कटाक्षाने टाळावे, कारण त्या आवाजामागे बंदूकधारी माणूस असू शकतो.

बसताना खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचे झाड पाठीशी घ्यावे. नराच्या डोक्यामानेवर लाल, पांढरा आणि निळा हे रंग असतात. म्हणून हातरुमाल, मोजे किंवा आतला सदरा यांतही हे रंग नकोत. नराला भुलवण्यासाठी ठेवायचा नकली पक्षी झाकलेल्या पिशवीतून न्यावा आणि समोरून येणारा माणूस लांबूनच दिसेल अशा बेताने मांडावा. टर्कीच्या शेपटीचा पिसारा समोर धरून त्याच्या आडून नराकडे सरपटत जाण्याची पद्धत सार्वजनिक जमिनीवर मी तरी कधीही वापरणार नाही. काही राज्यांत तिच्यावर बंदीही आहे.

कोणी आपल्या दिशेने चालत येताना दिसले, तर हात हलवू नये, शीळ घालू नये आणि टर्कीचा आवाज तर मुळीच काढू नये. जागचे न हलता, ‘थांबा, येथे माणूस आहे!’ असे मोठ्याने आणि स्पष्ट बोलावे. पक्षी उडून जाईल, तो जाऊ द्यावा. तो माणूस ओशाळून माफी मागेल, तेव्हा त्याच्यावर तोंडसुख घेऊ नये. बहुतेकदा तो चुकूनच आलेला असतो. शिकारीत मुद्दाम अडथळा आणण्याविरुद्ध पन्नासही राज्यांत कायदे आहेत, पण ते अशा चुकीसाठी नाहीत. खरोखर कोणी धमकावत असेल, तर वाद न घालता निघून यावे आणि गाडीचा क्रमांक टिपून वन्यजीव अधिकाऱ्याला कळवावे.

पक्षी मिळालाच, तर त्याला भडक नारिंगी कापडात पूर्ण गुंडाळून मगच खांद्यावर टाकावे. डोके आणि पंख बाहेर लोंबकळत ठेवून झाडीतून चालणारा माणूस दुरून टर्कीसारखा दिसू शकतो.