खिशातल्या भारी कॅमेऱ्याकडून काम कसं करून घ्यावं

सोनीचा खिशात मावणारा पहिला आरएक्स१०० कॅमेरा २०१२ साली आला. त्याचा एक इंची सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, नावालाच एक इंची, प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा. तरी संध्याकाळी, खिडकीच्या उजेडात, आईच्या हातावरची एकेक सुरकुती त्यानं मला टिपून दिली.

अशा वेळी झूम करू नका. लेन्स पूर्ण वाइड ठेवा आणि दोन पावलं पुढे जा. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून प्रकाश जास्त. वाइडला एफ/१.८ मिळतं, झूम पूर्ण ताणला की एफ/४.९, म्हणजे प्रकाश सातव्या हिश्शाहूनही कमी!

बॅटरी लहान, दुसरी जवळ हवीच.

लेन्स निघत नाही, त्यामुळे आत गेलेली धूळ घरी साफ होत नाही. माझ्या एका कॅमेऱ्यात प्रत्येक आकाशावर करडा ठिपका बसलाय. म्हणून कॅमेरा खिशात सुटा कधीच टाकू नका, आधी कापडी पिशवीत घाला.