आतड्याच्या कॅन्सरचे मृत्युदर आणि अमेरिकेचा नकाशा: एपिडेमिऑलॉजीत नव्याने येणाऱ्यांसाठी

बीडीएस, बीएएमएस किंवा बीएचएमएस करून अमेरिकेत एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्सला) येणारी मराठी मुलं-मुली आता बरीच आहेत. पहिलं सेमिस्टर संपत आलं की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: थिसिसला विषय काय घेऊ? मी सांगलीला बीडीएस केलं, इथे येऊन एपिडेमिऑलॉजी, म्हणजे आजार कुणाला, कुठे आणि का होतात याचं शास्त्र, शिकले आणि आता एका राज्याच्या आरोग्य खात्यात कॅन्सरच्या आकडेवारीवर काम करते. माझं उत्तर ठरलेलं आहे. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे मृत्युदर घ्या आणि ते भागाभागांत आणि वर्षावर्षांत कसे बदलले ते बघा. आतड्यातल्या साध्या गाठीचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्यात ती सापडली तर कोलोनोस्कोपी (नळीने आतड्यात बघायची तपासणी) करतानाच काढून टाकता येते आणि कॅन्सर होतच नाही. म्हणून एखाद्या भागात या आजाराने जास्त माणसं जात असतील, तर तिथे नेमकं काय कमी पडलं हे शोधता येतं. असा आजार अभ्यासाला मिळणं ही शिकणाऱ्याला मोठी संधी आहे.

सुरुवात मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यापासून करा. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या रेबेका सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये काउंटीवार (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मृत्युदरांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७० पासूनचे आकडे घेऊन त्यांनी जास्त मृत्युदराचे सलग पट्टे शोधले. तीन सापडले: मिसिसिपी डेल्टातल्या, म्हणजे याच खालच्या खोऱ्यातल्या, ९४ काउंट्या, डोंगराळ पश्चिम-मध्य अ‍ॅपलाचियातल्या १०७, आणि पूर्व व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायनातल्या ३७. २००९ ते २०११ या काळात डेल्टातला मृत्युदर या पट्ट्यांबाहेरच्या देशापेक्षा ४० टक्के जास्त होता, अ‍ॅपलाचियात १८ टक्के, तिसऱ्या पट्ट्यात ९ टक्के. एवढं वाचून पुढे जाऊ नका. त्याच अभ्यासात असंही आहे की १९७० ते १९७२ मध्ये हाच डेल्टा बाकी देशापेक्षा १८ टक्के खाली होता.

त्या काळी सगळ्यात वाईट स्थिती ईशान्येकडच्या राज्यांची होती. म्हणजे चाळीस वर्षांत नकाशा पार उलटला. देशाचा एकूण मृत्युदर १९७० मध्ये लाखामागे २९.२ होता, तो २०२० पर्यंत १२.६ वर आला. पण ही घसरण सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. डेल्टातल्या कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्युदर १९७० ते १९९० दरम्यान वर्षाला ३.५ टक्क्यांनी चढत गेला आणि मग तिथेच राहिला. वर्षाला साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. वीस वर्षांचा हिशेब करून बघा, जवळजवळ दुप्पट होतं. तेवढ्या काळात कुणाची जनुकं बदलत नाहीत. म्हणून एका वर्षाचा नकाशा बघून मत बनवू नका असं मी प्रत्येकाला सांगते. दर आज किती आहे यापेक्षा तो कुठून कुठे आला यातून जास्त कळतं. आणि एकदा उलटलेला नकाशा पुन्हाही उलटू शकतो, या भरवशावर आम्ही हे काम करतो.

आता कामाकडे. आकडा हातात आला की कारणं शोधायची घाई होते. त्याआधी तीन गोष्टी तपासायची सवय लावून घ्या.

पहिली, वय. हा मुख्यतः उतारवयातला आजार. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांत तरुण मुंबईला आणि म्हातारी माणसं घरी, हे आपल्याला माहीत आहे. कोळशाच्या खाणी बंद पडत गेल्यावर अ‍ॅपलाचियातल्या पूर्व केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियात तेच झालं. अशा ठिकाणी लाखामागे मृत्यू जास्तच दिसणार. उलट युटा हे देशातलं सगळ्यात तरुण राज्य, तिथे कमी दिसणार. म्हणून दर वयानुसार समायोजित करावा लागतो: प्रत्येक वयोगटाचा वेगळा दर काढायचा आणि तो एका ठरावीक लोकसंख्येच्या वयरचनेत बसवायचा. अमेरिकेत त्यासाठी २००० सालची लोकसंख्या वापरतात, जागतिक तुलनेत वेगळी प्रमाण लोकसंख्या असते आणि ती बरीच तरुण धरलेली आहे. त्यामुळे अमेरिकेच्या सरकारी तक्त्यातला दर आणि जागतिक अहवालातला भारताचा दर शेजारी ठेवून तुलना करायची नाही. हे गणित एकदा तरी एक्सेलमध्ये हाताने करा, मग पॅकेज वापरा.

दुसरी, मृत्यूचा दाखला. आपण ज्याला डेटा म्हणतो तो कुठल्या तरी डॉक्टरने, बहुधा घाईत, भरलेला कागद असतो. आतड्यातला कॅन्सर यकृतात पसरला आणि दाखल्यावर नुसतं ‘लिव्हर कॅन्सर’ लिहिलं, तर तो मृत्यू दुसऱ्याच रकान्यात जातो. गुदाशयाच्या कॅन्सरचे बरेच मृत्यू दाखल्यावर ‘कोलन’ म्हणून नोंदले जातात. म्हणूनच मृत्युदर काढताना कोलन आणि रेक्टम एकत्र घेतात. गुदाशयाचा मृत्युदर वेगळा काढून त्याचा कल दाखवणारा थिसिस कुणी आणला, तर मी पहिला प्रश्न हाच विचारते. शिवाय आजारांचे कोड बदलत आले आहेत: अमेरिकेत मृत्यूंसाठी आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची (आयसीडी) १९७९ मध्ये नववी आणि १९९९ मध्ये दहावी आवृत्ती लागू झाली. तुमच्या आलेखात नेमकी त्याच वर्षी उडी दिसली, तर ती आजाराची आहे की कोडची, हे आधी बघा.

तिसरी, संख्या लहान असणं. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या वंडर या संकेतस्थळावर एखादी छोटी काउंटी निवडा. दराच्या जागी ‘सप्रेस्ड’ असा शब्द येईल, कारण दहापेक्षा कमी मृत्यू असतील तर व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून आकडा दाखवत नाहीत. वीसपेक्षा कमी असतील तर दराऐवजी ‘अनरिलायबल’ येतं. देशात तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत आणि एकेका वर्षात, एकेका लिंगासाठी, एकेका वंशासाठी बघायला गेलात तर डेल्टाचा अर्धा तक्ता असाच भरून येतो. मग पाच वर्षं एकत्र करा, किंवा शेजारच्या काउंट्या एकत्र करा. पण ते का केलं आणि कशाच्या आधारावर, हे लिहून ठेवा. कामाला लागल्यावर माझ्या वरिष्ठांनी मला पहिल्यांदा काय विचारलं असेल तर, “या लाल काउंटीत माणसं किती गेली?” दर नव्हे, माणसं. अजूनही प्रत्येक नकाशाखाली मी तो आकडा ठेवते.

काळानुसार कल बघायला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं जॉइनपॉइंट हे सॉफ्टवेअर फुकट आहे. रेषा कुठल्या वर्षी वळली आणि त्या-त्या तुकड्यात दरवर्षी किती टक्के बदल झाला, ते काढून देतं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत दाखवलेल्या वळणावर फार विसंबू नका. २०२० मध्ये कोविडमुळे तपासण्या बंद पडल्या, निदानं लांबली, त्या वर्षाकडे वेगळं बघा.

एवढं झालं की मग कारणं. इथे आपल्याकडून आलेले डॉक्टर लगेच आहारावर येतात. प्रक्रिया केलेलं मांस, दारू, तंबाखू, लठ्ठपणा यांचा संबंध पक्का आहे आणि दक्षिणेत त्यांचं प्रमाणही जास्त आहे. पण मृत्युदर हा आजार किती जणांना होतो, केव्हा सापडतो आणि उपचार मिळतात का, या तिन्हींचा मिळून असतो. डेल्टात कृष्णवर्णीय लोकवस्ती मोठी आहे म्हणून फरक वंशाचा असावा असं म्हणणारे भेटतात. त्यांना अ‍ॅपलाचिया दाखवा, तिथली वस्ती बहुतांश गोरी आहे. दोन्हीकडे सारखं काय आहे? गरिबी, विमा नसणं, आणि दवाखान्याचं अंतर.

अंतर म्हणजे काय ते मला पूर्व केंटकीतल्या एका छोट्या क्लिनिकमधल्या नर्सने समजावलं. त्यांच्याकडे फिट नावाची शौचाची तपासणी आहे. घरी नमुना घ्यायचा, पाकिटात घालून पोस्टाने पाठवायचा, वर्षातून एकदा. लोक ती करतात. अडतं पुढे. त्यात रक्त सापडलं तर कोलोनोस्कोपी लागते आणि ती करणारा डॉक्टर दोन तासांवर. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घेऊन घरीच बसायचं, म्हणजे एक रोज बुडाला. दुसऱ्या दिवशी भूल देतात, त्यामुळे स्वतः गाडी चालवता येत नाही; कुणीतरी सोबत हवं, म्हणजे त्याचाही रोज गेला. तिच्या टेबलावर एक साधी वही होती. तपासणीत रक्त सापडलेल्यांची नावं, फोन केल्याच्या तारखा, आणि शेवटच्या रकान्यात कोलोनोस्कोपी झाली की नाही. तो रकाना बराचसा कोरा होता. ही वही बघितल्यापासून ‘स्क्रीनिंग रेट’ (किती टक्के लोकांची तपासणी झाली) एवढ्याच आकड्यावर माझं समाधान होत नाही. तपासणीनंतर पुढे काय झालं, हे मी मागतेच. पैशांची अडचणही कमी नव्हती. तपासणी फुकट, पण त्यानंतरची कोलोनोस्कोपी ‘निदानासाठी’ धरून बिल यायचं. खासगी विम्यात ही फट २०२२ मध्ये बुजवली, मेडिकेअरमध्ये (मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात) २०२३ पासून.

सोय केली तर काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण डेलावेअर. तीन काउंट्यांचं छोटं राज्य. २००२ मध्ये त्यांनी राज्यभर कार्यक्रम सुरू केला: विमा नसलेल्यांची तपासणी फुकट, कॅन्सर निघाला तर दोन वर्षांपर्यंत उपचारांचा खर्च, आणि माणसाला फोन करून, तारीख मिळवून देऊन, शेवटपर्यंत सोबत करणाऱ्या नर्स. तेव्हा तपासणी झालेल्यांचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ४८ टक्के आणि गोऱ्यांत ५८ टक्के होतं. २००९ पर्यंत दोन्हींत ७४. कृष्णवर्णीयांचा मृत्युदर ४२ टक्क्यांनी उतरला आणि गोऱ्यांच्या जवळपास आला. मोठ्या राज्यांत हे अवघड आहे, मान्य. पण सात वर्षांत एवढा फरक पडतो हे कळल्यावर डेल्टाचा चाळीस वर्षांचा आलेख बघताना संताप येतो, आणि तो यावा असं मला वाटतं.

तरुणांमधल्या आजाराचा विषय मी नवशिक्यांना शक्यतो लगेच देत नाही, पण वाचून ठेवा. १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना, १९५० च्या आसपास जन्मलेल्यांच्या तुलनेत, कोलनच्या कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट दिसतो. अभिनेता चॅडविक बोसमन २०२० मध्ये ४३ व्या वर्षी याच आजाराने गेला. तो मूळचा साउथ कॅरोलायनाचा, आणि तरुण पुरुषांतल्या जास्त मृत्यूंच्या काउंट्याही बहुतेक दक्षिणेतच आहेत. तपासणीचं वय आता ४५ वर आणलंय: कॅन्सर सोसायटीने २०१८ मध्ये, सरकारी तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये.

भारतात परत जाऊन हेच करता येईल का, असंही पुष्कळजण विचारतात. येईल, पण सुरुवात दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे नोंदींपासून, करावी लागेल. आपल्याकडे या आजाराचं प्रमाण कमी आहे, लाखामागे ५ च्या आसपास. मात्र २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण आणि सुमारे ४० हजार मृत्यू, म्हणजे निम्म्याहून जास्त. अमेरिकेत हेच प्रमाण एक तृतीयांश आहे. उशिरा निदान हे त्याचं मोठं कारण. आणि हे आकडे अंदाजच आहेत, कारण २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. गोवा याला अपवाद, तिथे जवळजवळ प्रत्येक मृत्यूचं कारण प्रमाणित होतं. एवढ्या चांगल्या नोंदींवर जिल्हावार काम करायला कुणीतरी पुढे यायला हवं.

महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीची मुंबई कॅन्सर रजिस्ट्री (कॅन्सर रुग्णांची नोंदवही) १९६३ ची, देशातली पहिली. बार्शीची ग्रामीण रजिस्ट्री १९८७ ची. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून रुग्ण शोधत आले. दवाखान्यात कधी न पोचलेला रुग्ण नोंदीत येतो तो अशाच कामामुळे. संख्याशास्त्राकडून येणाऱ्यांनी देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्याशास्त्राची संस्था आणि खारघरची टाटा मेमोरियलची कॅन्सर एपिडेमिऑलॉजीची संस्था बघावी.

नोकरीचं थोडक्यात. आर आणि सॅस ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर दोन्ही यायला हवीत. सरकारी खात्यांत सॅस अजून चालतं. रजिस्ट्रीत रुग्णांच्या नोंदी कोड करणाऱ्यांची वेगळी परीक्षा असते, पूर्वीची सीटीआर, २०२४ पासून तिचं नाव ओडीएस. वैद्यकीय पार्श्वभूमी असलेल्यांना ती जमते आणि तिथून विश्लेषणाकडे वळता येतं. मुलाखतीला एकच नकाशा न्या, पण त्यातल्या प्रत्येक काउंटीबद्दल बोलता आलं पाहिजे. व्हिसाच्या घड्याळामुळे विषय लवकर ठरवणं भाग असतं. सीअर स्टॅटचं (अमेरिकेतल्या कॅन्सर रजिस्ट्रींचा डेटा बघायच्या सॉफ्टवेअरचं) लॉगिन मिळायला अर्ज आणि करार लागतो, तो सेमिस्टरच्या आधीच टाका. वंडरला लॉगिन लागत नाही. त्यातल्या ‘कॉम्प्रेस्ड मॉर्टॅलिटी’मध्ये १९६८ पासूनचे काउंटीवार मृत्यू आहेत, डेल्टातली एखादी काउंटी काढा आणि १९७० चा आकडा २०१० च्या शेजारी ठेवून बघा.